यजमान प्रोग्रॅम आणि पाहुणी भाषा : ब्राझीलमधील 'लुआ'चा इतिहास

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासावरील लेखनात यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांना जेवढे स्थान मिळते तेवढे संगणकीय भाषांना मिळत नाही. भाषांचा इतिहास लिहिला गेलाच तर तो स्वतंत्रपणे नांदणाऱ्या भाषांचा असतो. फोर्ट्रान, कोबोल, सी, जावा ही नावे अध्यापकांच्या परिचयाची आहेत. परंतु दुसऱ्या एखाद्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहण्यासाठीच ज्या जन्माला आल्या, अशाही काही भाषा आहेत. त्यांचा वापर लक्षावधी लोक करतात, मात्र आपण तो करीत आहोत याची जाणीव त्यांतील फारच थोड्यांना असते. 'लुआ' ही अशा भाषांपैकी बहुधा सर्वांत यशस्वी भाषा होय. ती अमेरिकेत किंवा युरोपात निर्माण झाली नाही. २८ जुलै १९९३ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात तिची पहिली आवृत्ती चालू स्थितीत होती. तिच्या कर्त्यांनी २००७ साली प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरील परिषदेत सादर केलेल्या निबंधात, विकसनशील देशात निर्माण होऊन जागतिक महत्त्व प्राप्त झालेली ही एकमेव भाषा आहे, असे म्हटले आहे.

हे विधान अभिमानाचे आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि, त्यातून एक प्रश्न निर्माण होतो. आयातबंदीच्या वातावरणात, एका सरकारी तेल कंपनीच्या गरजेपोटी तयार झालेले साधन परदेशी खेळांच्या कंपन्यांना आणि ज्ञानकोशांना का हवेसे वाटावे? या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या व्याकरणात फारसे सापडत नाही. यजमान प्रोग्रॅमशी तिने ज्या पद्धतीने संबंध जोडला त्या पद्धतीत ते अधिक सापडते. म्हणून प्रस्तुत निबंधात राजकीय पार्श्वभूमी आणि तांत्रिक रचना या दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

दोन थरांची कल्पना

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत घडविली. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, डेटाबेस अशी पायाभूत कामे करण्यासाठी ती अत्यंत सोयीची ठरली. तिच्यात स्मृतीचा प्रत्येक कण प्रोग्रॅमरच्या ताब्यात असतो, प्रत्येक चलाचा प्रकार आधी सांगावा लागतो आणि परिणामी वेग मिळतो. या वेगाची किंमत मात्र मोजावी लागते. एखादा छोटासा बदल करायचा तरी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो आणि तो बदल जाणकारालाच करता येतो. ज्या भूगर्भशास्त्रज्ञाला केवळ आलेखाचा रंग किंवा स्तंभाची रुंदी बदलायची आहे, त्याने सी शिकावी ही अपेक्षा अवास्तव होय.

यावर तोडगा म्हणून दोन थरांची कल्पना पुढे आली. खालच्या थरात सी भाषेतील वेगवान गाभा आणि वरच्या थरात सोपी, लवचीक, चालू प्रोग्रॅममध्येच अर्थ लावली जाणारी भाषा, अशी ही रचना होती. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या जीएनयू ईमॅक्स या संपादकाचा गाभा सीमध्ये होता आणि उर्वरित बराच भाग लिस्पमध्ये. १९८६ साली ऑटोकॅड या आरेखन प्रोग्रॅममध्ये लिस्पचीच एक आवृत्ती आली. १९९३ साली एक्सेलमध्ये व्हिज्युअल बेसिकचा समावेश झाला आणि लेखापालही नकळत प्रोग्रॅमर झाले.

या कल्पनेला सिद्धान्ताचे रूप दिले ते बर्कली येथील जॉन ऑस्टरहाउट यांनी. त्यांचा गट चिप आरेखनाची साधने तयार करीत असे. प्रत्येक साधनाला आज्ञा देण्यासाठी स्वतंत्र अशी एक भाषा करावी लागे आणि मुख्य लक्ष साधनाकडे असल्यामुळे ती भाषा दुबळीच राही. १९८७ च्या शरद ऋतूत अध्ययन रजेवर असताना त्यांना असे सुचले की, भाषा एकदाच नीट तयार करावी आणि लायब्ररीच्या रूपाने ती कोणत्याही सी प्रोग्रॅमला जोडता यावी. १९८८ मध्ये त्यांनी 'टीसीएल'चे काम सुरू केले आणि १९९० मध्ये ती एका परिषदेत मांडली. पुढे १९९८ मधील एका गाजलेल्या लेखात त्यांनी सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषा व स्क्रिप्टिंग भाषा असा स्पष्ट भेद केला. पहिल्या प्रकारच्या भाषा घटक घडवितात व दुसऱ्या प्रकारच्या भाषा ते घटक एकमेकांना जोडतात, अशी त्यांची मांडणी होती. भाषा ही स्वतंत्र प्रोग्रॅम नसून लायब्ररी असावी हा टीसीएलचा विचार लुआच्या बाबतीतही मध्यवर्ती आहे. मात्र लुआच्या कर्त्यांनी टीसीएल नाकारली. ती का नाकारली हे समजण्यासाठी ब्राझीलकडे वळणे आवश्यक आहे.

आरक्षित बाजारपेठ

१९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने संगणकाच्या यंत्रांवर व सॉफ्टवेअरवर कडक व्यापारी निर्बंध घातले होते. 'आरक्षित बाजारपेठ' या नावाने हे धोरण ओळखले जाते. लष्करी राजवटीतच त्याची सुरुवात झाली आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये त्याला स्वतंत्र कायद्याचे अधिष्ठान मिळाले. देशी उद्योग उभा राहावा हा त्यामागील हेतू होता. या धोरणाच्या यशापयशाविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. यंत्रे महाग पडली आणि तंत्रज्ञान मागे राहिले, अशी टीका वारंवार केली जाते. भारतीय वाचकाला या संदर्भात १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला त्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोन्ही देशांतील कायदे व त्यांचे परिणाम निराळे आहेत आणि ही तुलना फार ताणणे इष्ट नाही.

मे १९८७ मध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात 'तेकग्राफ' हा संगणकीय आलेखनाचा गट स्थापन झाला. उद्योगांसाठी सॉफ्टवेअर तयार करणे हे त्याचे काम. पेट्रोब्रास ही १९५३ साली स्थापन झालेली सरकारी तेल कंपनी त्याच्या मोठ्या भागीदारांपैकी एक होती. तेकग्राफच्या ग्राहकांना परदेशातून सॉफ्टवेअर मागवायचे असल्यास, आपली गरज कोणतीही देशी संस्था भागवू शकत नाही हे दीर्घ सरकारी प्रक्रियेतून सिद्ध करावे लागे. हे खर्चिक होते आणि राजकीयदृष्ट्या अडचणीचेही होते. भौगोलिक दूरत्वाची त्यात भर पडली. त्यामुळे लागणारे साधन स्वतःच तयार करण्याची सवय या गटाला लागली. १९९२ मध्ये निर्बंध उठले, परंतु सवयी कायद्याबरोबर उठत नाहीत. लुआचा जन्म निर्बंध उठल्यानंतर सुमारे वर्षभरात झाला ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची वाटते. संरक्षक धोरणामुळे लुआ निर्माण झाली, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे त्यामुळे धाडसाचे ठरेल. धोरणाने भाषा निर्माण केली नाही, भाषा निर्माण करण्याचे धैर्य मात्र निर्माण केले, एवढेच म्हणता येईल.

आकड्यांचे रकाने आणि खडकांचे आलेख

पेट्रोब्रासच्या अभियंत्यांना गणिती अनुकरणाच्या प्रोग्रॅमसाठी दिवसातून अनेकदा माहितीच्या फायली तयार कराव्या लागत. हे प्रोग्रॅम जुने होते आणि त्यांना ठरावीक साच्यातच माहिती लागे. फायलीत आकड्यांचे नुसते रकाने असत आणि कोणता आकडा कशाचा, याचा मागमूसही तिच्यात नसे. अशा कामात चुका होणे अपरिहार्य होते. म्हणून आकृतीवर योग्य ठिकाणी क्लिक करून आकडा भरता येईल, असे किमान डझनभर प्रोग्रॅम तयार करून देण्याची मागणी १९९२ मध्ये तेकग्राफकडे आली. ते सर्व स्वतंत्रपणे लिहिण्याऐवजी लुईझ एन्रीके दे फिगेरेदो आणि लुईझ क्रिस्तोव्हाँव गोमेस कोएल्यो यांनी प्रत्येक कामाचे वर्णन करता येईल अशी एक छोटी भाषा तयार केली. तिचे नाव 'डेल' असे होते.

त्याच सुमारास खडकांच्या थरांचे आलेख छापणारा दुसरा एक प्रोग्रॅम पेट्रोब्राससाठी तयार होत होता. या आलेखांत अनेक उभे पट्टे असत. प्रत्येक पट्ट्याची जागा, रंग, अक्षरे, जाळी आणि प्रमाण वापरणाऱ्याला ठरविता यावे, आणि वापरणारे म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ व अभियंते, अशी अट होती. शिवाय हे सर्व डॉसवर चालणाऱ्या साध्या पीसीवर व्हायला हवे होते. यासाठी रोबेर्तो इएरुसालिम्स्की, फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी 'सोल' ही भाषा रचली. पोर्तुगीजमध्ये 'सोल' म्हणजे सूर्य. ती लायब्ररीच्या रूपात होती आणि मार्च १९९३ मध्ये पूर्णही झाली, परंतु ग्राहकाच्या हाती ती कधी पडलीच नाही.

कारण त्याच वेळी दोन्ही भाषांच्या मर्यादा उघड झाल्या होत्या. डेल वापरणारे आता अटी व आवर्तने मागू लागले होते. गुंतागुंतीच्या मांडणीसाठी सोललाही पूर्ण प्रोग्रॅमिंगची जोड द्यावी लागणार होती. वर्णनासाठी केलेल्या भाषेकडून हळूहळू कृतीची अपेक्षा होऊ लागते, हा अनुभव या क्षेत्रात नवा नाही. १९९३ च्या मध्यास तिघे एकत्र बसले आणि दोन्ही भाषांऐवजी एकच समर्थ भाषा करावी असे ठरले.

उपलब्ध पर्यायांचा त्यांनी विचार केला होता. टीसीएलची वाक्यरचना अपरिचित होती, माहितीच्या वर्णनासाठी ती सोयीची नव्हती आणि त्या वेळी ती केवळ युनिक्सवर चालत असे. लिस्प व स्कीम यांचे कंस सामान्य अभियंत्याला रुचणारे नव्हते. पायथॉन अगदीच बाल्यावस्थेत होती. पेट्रोब्रासकडे नाना तऱ्हेची यंत्रे होती आणि भाषा या सर्वांवर चालणे आवश्यक होते. या साऱ्या अटींतून नव्या भाषेचे स्वरूप जवळजवळ आपोआप ठरत गेले. ती केवळ प्रमाणित सीमध्ये लिहिली जावी, आकाराने लहान असावी आणि तिची वाक्यरचना व्यावसायिक प्रोग्रॅमर नसलेल्यालाही वाचता यावी. पहिली आवृत्ती सेलेस यांनी इएरुसालिम्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून लिहिली. ती सहा हजार ओळींपेक्षाही कमी होती. पदव्युत्तर वर्गांना प्रकल्प नेमून देणाऱ्या अध्यापकांनी हा तपशील अवश्य लक्षात घ्यावा. नावाचा प्रश्न तेकग्राफमधील एका मित्राने सोडविला. सूर्याची जागा घेणाऱ्या भाषेचे नाव 'लुआ', म्हणजे चंद्र.

लुआमध्ये माहितीची एकच संयुक्त रचना ठेवण्यात आली, ती म्हणजे सारणी. यादी, नोंद, शब्दकोश आणि पुढे वस्तू व मॉड्यूलदेखील, सारे या एकाच रचनेतून साधले जाते. हा काटकसरीपणा कंजूषपणाचा वाटू शकतो आणि अनेकांना तो वाटलाही आहे. पण डेल व सोल या दोन्ही भाषा मुळात वर्णनाच्या भाषा होत्या हे लक्षात घेतल्यास सारणीला एवढे महत्त्व का मिळाले याचा उलगडा होतो.

देवाणघेवाणीचा व्यवहार

सी प्रोग्रॅममध्ये लुआ बसविणे म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण या भाषेचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे. यजमान प्रोग्रॅम सुरू होतो आणि लायब्ररीतील एक फंक्शन हाक मारून लुआची एक 'अवस्था' निर्माण करतो. या अवस्थेत त्या भाषेचे सर्व जग सामावलेले असते. त्यानंतर यजमान आपली काही फंक्शने तिला नावानिशी ओळख करून देतो. उदाहरणार्थ, 'पट्टा काढ' किंवा 'आलेख छाप'. मग वापरणाऱ्याने लिहिलेली फाईल तो तिच्याकडून वाचून घेतो. त्या फाईलमधील आज्ञा यजमानाची फंक्शने वापरतात आणि गरज पडेल तेव्हा यजमानही त्या फाईलमधील फंक्शने वापरतो. हाक दोन्ही बाजूंनी जाते. लुआ स्वतः होऊन काहीही सुरू करीत नाही, तिला बोलवावे लागते.

या व्यवहारात दोन विसंगती आहेत. सीमध्ये चलाचा प्रकार आधीच निश्चित असतो, तर लुआमध्ये तो मूल्याबरोबर फिरतो आणि त्याच चलात आता संख्या तर नंतर मजकूर असू शकतो. दुसरे म्हणजे, सीमध्ये स्मृती घेणे व परत करणे प्रोग्रॅमरच्या हाती असते, तर लुआमध्ये ज्या मूल्यापर्यंत कोणाचाच हात पोचत नाही ते मूल्य आपोआप साफ केले जाते. समजा लुआतील एखाद्या सारणीचा पत्ता थेट सी प्रोग्रॅमच्या हाती दिला. लुआच्या दृष्टीने ती सारणी निरुपयोगी झाली की साफसफाईत ती नष्ट होईल आणि सीच्या हाती राहिलेला पत्ता ओसाड जागेचा ठरेल. अशा चुका तत्काळ उघड होत नाहीत, त्यामुळे त्या शोधणे महाकठीण असते.

नोव्हेंबर २००० मधील ४.० या आवृत्तीत या व्यवहाराची पूर्ण फेरमांडणी करण्यात आली. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक चळत ठेवण्यात आली. सी प्रोग्रॅमला मूल्य द्यायचे असेल तर ते चळतीवर ठेवावे लागते आणि घ्यायचे असेल तर चळतीवरील क्रमांक सांगून मागावे लागते. मूल्य संख्या म्हणून हवे की मजकूर म्हणून, हे मागताना सांगायचे. मूल्य चळतीवर असेपर्यंत साफसफाई त्याला हात लावीत नाही. लुआकडून बोलावल्या गेलेल्या सीच्या प्रत्येक फंक्शनला आपली स्वतंत्र चळत मिळते आणि तीत किमान वीस जागांची हमी असते. खालून मोजायचे तर क्रमांक धन आणि वरून मोजायचे तर ऋण. बाजारात मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये फळी असावी आणि जे द्यायचे-घ्यायचे ते फळीवरूनच, कोणी कोणाच्या घरात शिरायचे नाही, तसा हा प्रकार आहे. याच आवृत्तीपासून प्रत्येक अवस्था परस्परांपासून स्वतंत्र झाली, त्यामुळे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक पाहुण्यांची सोय एकमेकांना न कळता होऊ लागली.

चळतीची ही पद्धत वापरायला कंटाळवाणी आहे. साध्या दोन संख्यांची बेरीज करून घ्यायची तरी चार-पाच आज्ञा लिहाव्या लागतात आणि क्रमांक चुकला की अनर्थ होतो. तरीही ही पद्धत टिकली. याचे कारण असे की, लुआच्या अंतर्गत रचनेबद्दल ती यजमानाला काहीही उघड करीत नाही. एप्रिल २००३ मधील ५.० आवृत्तीत लुआचे आभासी यंत्र चळतीवरून रजिस्टरांवर नेण्यात आले. अंतर्गत रचनेतील एवढा मोठा बदल यजमानाशी होणारी देवाणघेवाण न मोडता करता आला.

सुईचे नेढे

लुआच्या कर्त्यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या एका लेखात सुईच्या नेढ्यातून भाषा ओवण्याची उपमा योजली आहे. भाषेतील प्रत्येक सोय सीच्या बाजूनेही वापरता आली पाहिजे, म्हणजेच ती त्या अरुंद नेढ्यातून पार जाऊ शकली पाहिजे, ही त्यांची अट होती. या अटीचे परिणाम भाषेच्या रचनेवर जागोजागी दिसतात. बहुतेक आधुनिक भाषांत चुका हाताळण्यासाठी खास वाक्यरचना असते. लुआमध्ये ती नाही. तेथे संरक्षित रीतीने हाक मारणारे एक साधे फंक्शन आहे. खास वाक्यरचना सीमधून वापरता येत नाही आणि फंक्शन वापरता येते, हे त्याचे कारण.

सर्वच गोष्टी मात्र या नेढ्यातून सहजपणे गेल्या नाहीत. ५.० मध्ये आलेली कोरूटीन म्हणजे अर्ध्यावर थांबून पुन्हा तेथूनच सुरू होणारी फंक्शने. लुआच्या आत ती उत्तम चालली. परंतु मध्येच सीचे फंक्शन आले की अडचण होई, कारण सीची स्वतःची चळत अर्ध्यावर बाजूला ठेवून पुन्हा आणण्याची सोय प्रमाणित सीमध्ये नाही. डिसेंबर २०११ मधील ५.२ आवृत्तीत त्यावर उपाय निघाला. सी फंक्शनने 'पुन्हा सुरू होताना कोठून सुरू व्हायचे' ते दुसऱ्या फंक्शनच्या रूपाने आधीच सांगून ठेवायचे. उपाय चालतो, पण तो सुबक म्हणता येणार नाही. पोर्टेबिलिटीचा आग्रह सोडला असता तर अधिक देखणा मार्ग निघाला असता, हेही तितकेच खरे. पेट्रोब्रासच्या नाना यंत्रांपायी लागलेले हे वळण वीस वर्षांनंतरही भाषेने सोडले नव्हते.

परवाना, मासिक आणि खेळ

जुलै १९९४ मध्ये १.१ ही आवृत्ती इंटरनेटवरून सर्वांना उपलब्ध करून देण्यात आली. शैक्षणिक वापर मोफत आणि व्यावसायिक वापरासाठी वाटाघाटी, असा परवाना होता. व्यावसायिक वापराचा एकही व्यवहार ठरला नाही. टीसीएल, पर्ल, पायथॉन मोफत मिळत असताना ब्राझीलमधील एका अपरिचित भाषेसाठी पैसे कोण मोजणार? फेब्रुवारी १९९५ मधील २.१ आवृत्तीपासून लुआ सर्वांसाठी मुक्त झाली.

भाषेचा प्रसार झाला तो मुख्यतः दोन लेखांमुळे. पहिला १९९६ मध्ये एका विद्वत्पत्रिकेत आणि दुसरा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' या व्यावसायिक मासिकात प्रसिद्ध झाला. दुसरा लेख लुकासआर्ट्स या खेळ तयार करणाऱ्या अमेरिकन कंपनीतील ब्रेट मोगिलेफ्स्की यांच्या वाचनात आला. त्यांनी 'ग्रिम फँडँगो' या नव्या खेळात कंपनीची १९८७ पासूनची घरची स्क्रिप्टिंग भाषा बाजूला सारून लुआ बसविली. १९९८ मध्ये तो खेळ प्रसिद्ध झाला आणि या व्यवसायात भाषेचे नाव पसरले. २००४ मधील 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर खेळणाऱ्यांनाच आपला पडदा लुआमधून बदलण्याची मुभा देण्यात आली. खेळाचा गाभा वेगवान हवा आणि पात्रांचे वागणे दर तासाला बदलून पाहता यावे, ही त्या व्यवसायाची गरज पेट्रोब्रासच्या भूगर्भशास्त्रज्ञाच्या गरजेपेक्षा मुळात वेगळी नव्हती.

घरची आणि बाहेरची

लुआचे नाव पोर्तुगीज असले तरी तिचे आधारशब्द इंग्रजी आहेत आणि तिचे मुख्य पुस्तक २००३ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पोर्तुगीज आवृत्ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. युरी ताख्तेयेव्ह या अभ्यासकाने रिओतील सॉफ्टवेअर व्यवसायावर २०१२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे. जगात पोचण्यासाठी भाषेला स्थानिकत्व काही प्रमाणात मागे ठेवावे लागले, असा त्याचा अर्थ होतो. प्रादेशिक भाषेतून विज्ञान लिहू पाहणाऱ्यांना हा पेच अपरिचित नाही. ब्राझीलमध्ये लुआला सार्वजनिक स्थान मिळाले ते डिजिटल दूरचित्रवाणीमुळे. डिसेंबर २००७ मध्ये साओ पाउलो येथे ही सेवा सुरू झाली. तिच्यातील संवादी कार्यक्रमांसाठीची 'गिंगा' ही प्रणाली काही अंशी याच विद्यापीठात घडली होती आणि तिची स्क्रिप्टिंग भाषा म्हणून लुआची निवड झाली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिला शिफारस म्हणून मान्यता दिली.

मराठी वाचकाचा लुआशी संबंध येतो तो विकिपीडियावर. तेथील लेखांत वापरले जाणारे साचे कालांतराने इतके गुंतागुंतीचे झाले होते की पान तयार होण्यास विलंब लागू लागला. साच्यांची ती भाषा प्रोग्रॅमिंगसाठी रचलेलीच नव्हती, तिच्यावर ते काम येऊन पडले होते. डेल आणि सोल यांच्या बाबतीत जे घडले तेच येथे वेगळ्या रूपात घडले, असे म्हणण्यास हरकत नाही. २०१३ मध्ये विकिपीडियाच्या विविध भाषांतील प्रकल्पांवर लुआ उपलब्ध झाली, त्यात मराठीचाही समावेश होता. येथे पाहुणीवर काटेकोर बंधने आहेत. तिला फायली उघडता येत नाहीत, नेटवर्क वापरता येत नाही आणि ठरावीक वेळेच्या व स्मृतीच्या पलीकडे जाता येत नाही. कोणीही अनोळखी माणूस लिहू शकेल अशा ठिकाणी ही दक्षता अनिवार्य होती. लुआसाठी ती अवघडही नव्हती, कारण यजमानाने जे दिले नाही ते तिच्याजवळ नसतेच.

हा भरवसा मात्र यजमान आणि पाहुणी यांच्यामधील सीमा शाबूत असेपर्यंतचाच आहे. रेडिस हा सीमध्ये लिहिलेला, माहिती स्मृतीत ठेवणारा डेटाबेस. २०१२ मधील २.६ आवृत्तीपासून त्यात लुआ बसविलेली आहे. ग्राहकाने पाठविलेली स्क्रिप्ट तेथे अखंडपणे, मध्ये दुसरे कोणतेही काम न घेता चालते, त्यामुळे अनेक आज्ञा एकाच दमात पुऱ्या होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये असे उघड झाले की, विशिष्ट प्रकारे रचलेल्या स्क्रिप्टच्या साहाय्याने लुआच्या साफसफाईच्या यंत्रणेला फसविता येते. मुक्त झालेल्या स्मृतीचा पुन्हा वापर घडवून आणता येतो आणि बंधनांतून बाहेर पडून यजमान यंत्रावर हवे ते चालविता येते. ही त्रुटी सुमारे तेरा वर्षे तेथे होती. अशी स्क्रिप्ट पाठविण्यासाठी डेटाबेसमध्ये प्रवेश असणे आवश्यक होते हे खरे, परंतु पासवर्ड न लावता उघडे ठेवलेले डेटाबेसही जगात थोडे नाहीत. दुरुस्त आवृत्त्या लगोलग प्रसिद्ध झाल्या. ज्यांना त्या तत्काळ बसविणे शक्य नव्हते, त्यांनी वापरकर्त्यांना स्क्रिप्ट चालविण्याची आज्ञाच तूर्त बंद ठेवावी, असा सल्ला देण्यात आला.